मंदीच्या हंगामात कोकणातील लग्नाची फोटोग्राफी : या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तुळशीची लग्ने अवघ्या दोन-तीन दिवसांवर आली होती. लग्नघराला बँकेतून अडीच लाख रुपयांपर्यंत रक्कम काढू देण्याची सवलत पुढे जाहीर झाली खरी. परंतु तोवर माझ्या यजमानांनी मंडपवाल्याचा, आचाऱ्याचा आणि माझा हिशेब पुढे ढकललेला होता, आणि त्या तिघांत सर्वांत शेवटी पैसे मिळाले ते मला. जेवणाशिवाय पंगत उठत नाही, अल्बम मात्र सहा महिने थांबू शकतो, हे मला त्या हंगामात उमगले. त्यानंतर २०२० ची टाळेबंदी, त्याच वर्षी ३ जूनला आलेले निसर्ग वादळ, मे २०२१ मधील तौक्ते आणि जुलैमधील चिपळूणचा पूर एकामागोमाग आले. या सगळ्यांतून मी एकच गोष्ट शिकलो. मंदीत दर पाडायचा नसतो, कामाचा आकार आखूड करायचा असतो. आणि तो किती आखूड करायचा हे ठरवण्यासाठी आपला खर्च किती आहे आणि समोरच्या घरात पैसा कोठून येतो, या दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असाव्या लागतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : पंचांगाशेजारी पैशाचे वेळापत्रक मांडा

कोकणातील लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून सुरू होतो, पौषात थंडावतो, आणि चाकरमानी सुट्टीवर येतात त्या एप्रिल-मे महिन्यांत शिगेला पोहोचतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात. अधिक मासातही नसतात, आणि त्याकडे नवखा फोटोग्राफर हमखास दुर्लक्ष करतो. उदाहरणार्थ, २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, म्हणजे मे महिन्याचा कमाईचा उत्तरार्धच त्यात जातो. अशा वर्षी हप्त्याचा बोजा डोक्यावर घेऊन हंगामात उतरणे धोक्याचे असते.

या पंचांगाशेजारी दुसरे वेळापत्रक मांडावे, ते पैशाचे. देवगड-रत्नागिरी पट्ट्यातील आंबा बागायतदाराच्या घरी पैसा वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, आल्यावर येतो, आणि ती किती येईल याचा अंदाज डिसेंबर-जानेवारीतील मोहोरावरून बांधता येतो. अवकाळी पावसाने मोहोर गळला असेल, तर फेब्रुवारीतच समजावे की मे महिन्यातील लग्नांची अंदाजपत्रके कापली जाणार. मच्छीमार वस्तीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे मे महिन्यातील लग्नाचा शेवटचा हप्ता जूनमध्ये मागण्यात अर्थ नसतो, तो लग्नाआधी घ्यावा किंवा सरळ सप्टेंबरात धरावा. मुंबईच्या पगारावर चालणाऱ्या घराची ऐपत तेथील नोकरीवर ठरते, आणि अशा घरांतील लग्नाच्या बैठका बहुधा गणपतीला सगळे गावी जमले असताना होतात. म्हणून गणपतीचे दिवस फोटोग्राफरने गावातच काढावेत, आरतीला चार घरी जावे. जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशापेक्षा त्या चार आरत्यांतून मला अधिक कामे मिळाली आहेत.

पंचांगाबाहेरची लग्नेही विसरू नयेत. बौद्ध कुटुंबांत मुहूर्ताचे बंधन नसते, रविवार किंवा सुट्टीचा दिवस पाहून लग्न ठरते. रत्नागिरी-रायगडातील मुस्लिम कुटुंबांतील निकाह आखातातून मुलगा सुट्टीवर येण्याच्या तारखेशी जोडलेला असतो, आणि तेथे स्त्रियांच्या बाजूचे फोटो काढण्यासाठी स्त्री फोटोग्राफर असेल तर काम निश्चितपणे आपल्याकडे येते. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागातील कॅथलिक लग्नांत आदल्या दिवशीचा रोसचा, म्हणजे नारळाचा रस अंगाला लावण्याचा, कार्यक्रम असतो, त्याची वेगळी ऑर्डर मिळू शकते. केवळ एका समाजाच्या लग्नांवर विसंबणारा फोटोग्राफर मंदीत वर्षातील निम्मे महिने घरी बसतो.

दुसरी पायरी : एका लग्नाचा खरा खर्च काढा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि हीच सर्वांत जास्त टाळली जाते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे घालावेत.

समजा, कॅमेरे, लेन्स व संगणक मिळून तीन लाखांचे साहित्य आहे आणि ते चार वर्षे चालेल. म्हणजे वर्षाला ७५,००० रुपये. दुकानाचे भाडे महिना ४,००० प्रमाणे ४८,०००. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर ३०,०००. दुरुस्ती आणि विमा २७,०००. हा झाला १,८०,००० रुपयांचा स्थिर खर्च, एकही लग्न मिळाले नाही तरी होणारा. घरखर्च महिना २५,००० म्हणजे वर्षाला तीन लाख. याशिवाय प्रत्येक लग्नाला हाताखालचा मुलगा ४,०००, व्हिडिओवाला ५,०००, अल्बम ७,०००, प्रवास २,००० आणि हार्ड डिस्कचा वाटा १,५००, असे १९,५०० रुपये थेट जातात.

वर्षाला २४ लग्ने असतील, तर एका लग्नावर स्थिर खर्चाचे ७,५००, घरखर्चाचे १२,५०० आणि थेट खर्चाचे १९,५००, असे ३९,५०० रुपये पडतात. ४५,००० रुपयांचे पॅकेज घेणारा माणूस येथे सुखात आहे. मंदीत लग्ने १५ वर आली की स्थिर खर्चाचा वाटा १२,००० होतो, घरखर्चाचा २०,००० होतो, आणि त्याच लग्नाचा खर्च ५१,५०० रुपयांवर जातो. नेमका याच वेळी शेजारच्या गावातील कोणीतरी ३५,००० मध्ये करतो असे कानावर येते, आणि घाबरून आपणही दर उतरवतो. म्हणजे खर्च वर चढत असताना दर खाली आणतो, आणि प्रत्येक लग्नामागे साडेसोळा हजारांची झीज सोसून वर्षभर कामात असल्याचे समाधान मिळवतो.

आता तीच वही दुसऱ्या रीतीने मांडून पाहावी. दुकान सोडून काम घराच्या पडवीत आणले, तर स्थिर खर्च १,३२,००० वर येतो, म्हणजे १५ लग्नांत प्रत्येकी ८,८००. लग्नाव्यतिरिक्तच्या कामांतून वर्षाला ६०,००० मिळवले, तर घरखर्चाचा वाटा १६,००० होतो. हाताखालचा मुलगा वगळला आणि अल्बम ४,००० रुपयांचा केला, तर थेट खर्च १२,५०० राहतो. बेरीज ३७,३०० रुपये. आता ४०,००० रुपयांचे पॅकेज अंगावर येत नाही, आणि यजमानालाही पाच हजार कमी द्यावे लागतात.

तिसरी पायरी : पॅकेज आखूड करा, दर पाडू नका

यजमान दर कमी करायला सांगतो तेव्हा नवखा माणूस लगेच आकडा बदलतो. त्यामुळे आधी सांगितलेला आकडा फुगवलेला होता, असा समज यजमानाच्या मनात कायमचा बसतो. बोलणे असे व्हावे :

“दादा, पाच हजार कमी करा, नाहीतर दुसरा बघावा लागेल.”

“काका, दर तोच राहू दे. अल्बम पंचवीस शीटांऐवजी पंधरा शीटांचा करू, आणि हळदीला मी एकटाच येतो. तुमचे सात हजार वाचतील.”

यात काकांना हवे त्यापेक्षा अधिक मिळाले, आणि आपल्या एका दिवसाच्या कामाची किंमत जागेवर राहिली.

काय कापावे याचा क्रम ठरलेला असावा. सर्वप्रथम एलईडी वॉल आणि क्रेन जावी; पन्नास खुर्च्यांच्या अंगणात त्यांचे काही काम नसते. मग प्री-वेडिंग जावे किंवा अर्ध्या दिवसाचे व्हावे. आरे-वारेचा किंवा भोगव्याचा किनारा सकाळी सात ते नऊ या दोन तासांत पुरेसे काही देतो. किल्ल्यात शूटिंग करण्याचा हट्ट असेल, तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि मुरूड-जंजिरा हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे व्यावसायिक चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते, हे आधीच सांगून टाकावे; निम्मे हट्ट तेथेच मावळतात. त्यानंतर अल्बमच्या शीट, आणि शेवटी दुसरा कॅन्डिड फोटोग्राफर.

जे कधीही कापू नये ते असे : दुसरा कॅमेरा, दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी होणारी नोंद, आणि मंगलाष्टकांचा संपूर्ण व्हिडिओ. या तिन्ही गोष्टी यजमानाला दिसत नाहीत, म्हणूनच त्यांवर काटकसर करण्याचा मोह होतो.

छोटे लग्न म्हणजे हलके काम, असेही समजू नये. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती, तेव्हा मी काढलेली काही लग्ने आजही माझ्या उत्तम कामांत मोजतो. कारण स्टेजवरच्या रांगा नव्हत्या, आणि आजीने घाण्याच्या ओव्या म्हणताना पदराने पुसलेले डोळे टिपायला सवड होती. आखूड पॅकेजमध्ये वेळ कमी मिळतो, म्हणून आदल्या दिवशी घरातील वडीलधाऱ्या बाईकडून विधींचा क्रम लिहून घ्यावा. देवक, घाणा, हळद, देवाला घातले जाणारे गाऱ्हाणे, अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख यांपैकी त्या घरात कशाला महत्त्व आहे, ते घराघरांत वेगळे असते. मोठ्या हॉलमधील स्टेजवरचे तीनशे फोटो कोणी पुन्हा उघडत नाही. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालणाऱ्या आजोबांचा एक फोटो मात्र पुढे भिंतीवर लागतो.

चौथी पायरी : साहित्य जुने घ्या, हप्ता टाळा

फेब्रुवारी २०२० मध्ये मी नवीन कॅमेरा हप्त्यावर घेतला आणि मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टपर्यंत स्थगिती देण्याची मुभा दिली होती, परंतु त्या महिन्यांचे व्याज चालूच राहिले, आणि एकाही लग्नात न वापरलेल्या कॅमेऱ्याची किंमत वाढत गेली. तेव्हापासून माझा नियम आहे की एका हंगामाच्या शिल्लक रकमेतून जे येईल तेवढेच विकत घ्यावे, उरलेले भाड्याने आणावे.

मंदीत जुने साहित्य चांगल्या भावात मिळते, कारण व्यवसाय सोडणारेही याच काळात असतात. कॅमेरा घेताना शटर काउंट, म्हणजे त्यावर आजवर किती फोटो निघाले तो आकडा, पाहावा. लेन्स घेताना ती उजेडाकडे धरून आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे. किनाऱ्यावरच्या जुन्या लेन्समध्ये बुरशीचा रोग सर्रास आढळतो आणि ती साफ करण्याचा खर्च परवडत नाही. सुरुवातीला २४-७० मिमीची एफ २.८ लेन्स, एक ८५ मिमीची एफ १.८ आणि दोन फ्लॅश एवढ्यावर लग्न निभावते.

ड्रोनबाबत थोडक्यात सांगायचे, तर तो विकत घेऊ नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायला प्रमाणपत्रधारक चालक लागतो, आणि चिपी विमानतळाच्या किंवा नौदल-तटरक्षक दलाच्या ठिकाणांजवळ परवानगीचा प्रश्न वेगळाच असतो. यजमान मागेल तेव्हा प्रमाणपत्र असलेल्या माणसाला त्या दिवसापुरते बोलवावे आणि त्याचे पैसे यजमानाने परस्पर द्यावेत.

पाचवी पायरी : घरच्या मांडवातला उजेड ओळखा

मंदीत लग्ने हॉलमधून पुन्हा घराच्या अंगणात येतात, आणि हॉलच्या एकसारख्या दिव्यांवर हात बसलेला फोटोग्राफर तेथे गडबडतो. अंगणातील मांडवावर पुष्कळदा निळी ताडपत्री असते. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला ऊन त्या ताडपत्रीतून गाळून खाली उतरते, आणि हळदीने पिवळा झालेला नवरीचा चेहरा कॅमेऱ्यात चक्क हिरवट दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवण्याची सोय, ऑटोवर ठेवला, तर कॅमेरा निळसरपणा काढायला जातो आणि मांडवाच्या उघड्या बाजूने येणाऱ्या उजेडातील माणसे नारिंगी होतात. यावर माझा उपाय असा, की आदल्या संध्याकाळी मंडपवाल्याला गाठून बोहल्यापुरते ताडपत्रीखाली पांढरे कापड ताणून घ्यायचे. ते त्याच्याकडे असतेच, फक्त कोणी मागत नाही. तेही शक्य नसेल, तर ग्रे कार्ड (राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स हाताने लावावा, फोटो रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर सुधारता येतील अशा मूळ फाइलमध्ये, काढावेत, आणि चेहऱ्यावर फ्लॅशचा वाटा वाढवावा.

माजघरात दुसरी अडचण येते. वर काळपट वासे आणि मंगलोरी कौले, भिंती जांभ्याच्या. फ्लॅश छताकडे वळवला तर उजेड परतच येत नाही आणि जांभ्यावर टाकला तर चेहरे तांबडे होतात. पांढरी चादर घेऊन एखाद्या पोराला दाराशी उभे करावे, आणि फ्लॅश त्या चादरीवर मारावा.

अंतरपाट दूर होण्याचा क्षण दुसऱ्यांदा मिळत नाही. मंगलाष्टके किती म्हणायची हे भटजींवर आणि हौशी मामींवर अवलंबून असते, म्हणून मोजत बसू नये. ‘तदेव लग्नम्’ कानावर पडले की कॅमेरा डोळ्याला लावावा, कारण त्यानंतर काही क्षणांतच अंतरपाट निघतो आणि अक्षता उडतात. उभे राहावे ते वधूवरांच्या बाजूला, एका गुडघ्यावर. मागे उभे राहिलेल्या काकूंनाही दिसले पाहिजे.

किनाऱ्यावरील शूटिंगनंतर कॅमेरा व ट्रायपॉड किंचित ओलसर कापडाने आणि मग कोरड्या कापडाने पुसावेत, कारण खाऱ्या वाऱ्यातील मीठ नुसत्या कोरड्या कापडाने काचेवर घासले जाते. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यास लेन्सवर बाष्प धरते. कॅमेरा बॅगेतून काढण्यापूर्वी बॅग बंदच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावी. वीज जाईल हे गृहीत धरून प्रत्येक उपकरणाची एक जादा बॅटरी भरलेली असावी.

सहावी पायरी : लिहून घ्या, विसार घ्या

“आंब्याचे पैशे इले की देतंय” हे वाक्य खोटे नसते. सांगणाऱ्याच्या मनात तसे असतेच. परंतु आंबा आला नाही तर काय, हे त्यात नसते. म्हणून तारीख ठरवताना ३० टक्के विसार, हळदीच्या आदल्या दिवशी ५० टक्के, आणि अल्बम हाती देताना २० टक्के अशी विभागणी ठेवावी. एका घरी मी निम्मी रक्कम अल्बमवर सोडली होती. तो छापलेला अल्बम तीन वर्षे माझ्या कपाटात राहिला, आणि छपाईचे पैसे मी खिशातून भरले.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात तारीख, तास, माणसे, अल्बमच्या शीट, फोटो देण्याची मुदत, आणि वादळ, पूर किंवा सरकारी निर्बंधांमुळे तारीख पुढे गेली तर विसाराचे काय होईल, हे लिहिलेले असावे. आणखी एक कलम आवर्जून घालावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम देणारी व्यक्ती असते. त्यामुळे लग्नाचे फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील, तर लेखी संमती घ्यावी. नवरीच्या घरच्यांनी नाही म्हटले, तर विषय तेथेच संपवावा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, ती लगेच करून टाकावी. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते. कर्ज घेण्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर विनातारण मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचा शिशु गट आहे. नवख्याने त्यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातवी पायरी : पावसाळ्याचे चार महिने

लग्नाव्यतिरिक्तचे ६०,००० रुपये आधीच्या हिशेबात धरले होते, ते बहुतांशी येथून यावे लागतात. तारकर्ली, गुहागर, दापोली, श्रीवर्धन परिसरातील निवासव्यवस्था चालवणाऱ्यांना दिवाळीच्या पर्यटकांसाठी खोल्यांचे, माशाच्या ताटाचे, ओल्या अंगणाचे फोटो हवे असतात, आणि ते काढण्यास सप्टेंबरातील हिरवाईसारखा काळ नाही. आंबा-काजूवर प्रक्रिया करणाऱ्यांना डब्यांचे आणि बरण्यांचे फोटो लागतात. बारसे, एकसष्टी, शाळेची ओळखपत्रे ही कामे लहान असली तरी पैसे रोख मिळतात. जुन्या यजमानांना याच काळात फोन करावा. २०१९ च्या लग्नाचा अल्बम तेव्हा न परवडलेले घर आता पंधरा शीटांचा अल्बम करून घेते.

साहित्याची निगा हे या महिन्यांतील दुसरे काम. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवून लेन्स त्यात ठेवाव्यात, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि जेल ओले झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा घालावे. कातडी बॅगेत लेन्स ठेवू नयेत. बुरशी प्रथम त्या कातड्यालाच धरते. दर रविवारी प्रत्येक लेन्स बाहेर काढून दहा मिनिटे वापरावी, आणि हार्ड डिस्क जोडून जुन्या लग्नांच्या दोन्ही प्रती उघडतात का ते तपासावे. त्यांतील एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो नदीच्या पुराच्या रेषेपासून वर असलेल्या घरी ठेवावी. चिपळूणच्या पुरानंतर माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे चिखलातून काढलेल्या चौदा हार्ड डिस्क होत्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती त्याच कपाटात खालच्या खणात होत्या.